तांब्याची हेदा

१

हिवाळ्यात आमच्या गावात माझ्याइतक्या उबेत काम करणारा माणूस दुसरा नव्हता. कॉर्सेटच्या कारखान्यात वाफ सांभाळणं हे माझं काम. पहाटे तळघरातला बॉयलर पेटवायचा, काटा वर चढेपर्यंत भाकरीचा तुकडा आणि चिकोरीची कॉफी घ्यायची, मग वरच्या खोलीची तोटी हळूहळू उघडायची. घाईनं उघडली तर नळ्या खडखडतात आणि वरच्या मुली ओरडतात, "किलियानकाका, मारताय का आम्हाला!"

त्या वरच्या खोलीत तांब्याच्या बाया उभ्या असायच्या. बाया म्हणजे नुसती पोकळ धडं, बाईच्या मापाची. डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली एक नळी. शिवून झालेलं कॉर्सेट खळीत बुडवायचं, ओलं असतानाच बाईच्या अंगावर चढवायचं आणि पाठीमागची नाडी आवळायची. मग मी खालून वाफ सोडायचो. तांबं तापलं की कापड चुरचुरत वाळायचं आणि तो आकार कायमचा धरून बसायचं. ते कॉर्सेट ब्रनोच्या किंवा व्हिएन्नाच्या कुठल्या बाईला मिळायचं, तिनं मग त्या आकारात मावायचं.

तापताना तांबं टक् करून वाजतं, निवतानाही वाजतं. संध्याकाळी मी तोटी बंद केली की सगळ्या बाया एकामागून एक टक् टक् करत निवायच्या. दिवसभर उभं राहिलेल्या बायका घरी जाऊन अंगातलं कॉर्सेट सोडतात तेव्हा असाच आवाज होतो, असं ब्लाझेना म्हणायची. ही ब्लाझेना नाड्या आवळायच्या कामावर होती. हाताची दणकट, तोंडाची त्याहून.

माझी मुलगी हेदविका तिथेच, त्याही वरच्या मजल्यावर शिवणकामाला होती. घरी आम्ही तिला हेदा म्हणायचो. आम्ही म्हणजे मी. तिची आई कधीच गेली होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मालकांना नवी बाई घडवून घ्यायची होती आणि साच्यासाठी त्यांना सगळ्या मुलींत हेदाची कंबर पसंत पडली. दिवसभर ती ओल्या प्लास्टरमध्ये उभी राहिली. मला ते आवडलं नाही, पण ती हसत घरी आली. "बाबा, अंगावर सगळं घट्ट होत गेलं ना, तेव्हा आत माझं मलाच कोणीतरी वेगळं असल्यासारखं वाटलं," एवढंच म्हणाली आणि केसांतला चुना धुवायला बसली.

त्या साच्यावरून माझा मित्र हावेल तांबट यानं नवी बाई ठोकून दिली. ती माझ्या तोटीच्या सगळ्यात जवळ उभी केली. मुली तिला तांब्याची हेदा म्हणायला लागल्या.

आणि शरद ऋतूत, बटाटे काढायच्या दिवसांत, तांब्याच्या हेदावरची कॉर्सेटं पाठीशी मिटेनाशी झाली.

२

आधी सगळ्यांनी खळीला दोष दिला. मग कापडाला. मग अर्थातच मला.

"किलियान, तुमची वाफ जास्त होतेय," मुकादमीण वितकोवाबाई म्हणाल्या. "तांबं फुगतंय."

"फुगतं, बाई. पण निवलं की परत बसतं."

"मग बसत का नाही?"

मला सांगता येईना. म्हणून एके दिवशी पहाटे, बॉयलर पेटवण्याआधी, मी एक सुतळी घेऊन वर गेलो. तांबं बर्फासारखं गार होतं. सुतळी तिच्या पोटाभोवती फिरवून जिथे टोकं जुळली तिथे गाठ मारली. पुढच्या आठवड्यात पुन्हा फिरवली तर टोक गाठीला पोचलं नाही. सुतळी दमट हवेनं आखडली असेल म्हणून शेजारच्या जुन्या बाईचंही माप मी त्याच सुतळीनं घेऊन ठेवलं होतं. ते जसंच्या तसं होतं.

मला तेव्हा भीती वाटली असं म्हणवत नाही. नवल वाटलं. घरच्या मांजरीनं अचानक दुसऱ्याच रंगाचं पिल्लू द्यावं, तसं. मी कुणाला काही बोललो नाही, पण पहाटे वर जायची मला सवय लागली. मी जायचो, सुतळी फिरवायचो, थोडा वेळ तिच्यापाशी उभा राहायचो. उजेडात नीट पाहिलं तर पोटाच्या जागी तांब्यावरचे हातोडीचे ठसे विरळ झालेले दिसायचे, ताणलेल्या कातडीसारखे. वजन कमी झालं नव्हतं. पत्रा कुठे पातळ झाला नव्हता. मग हे जास्तीचं तांबं येत कुठून होतं?

घरी हेदा अलीकडे दार लावून कपडे करायची. एकदा दार नीट लागलं नव्हतं, तर ती कॉर्सेटची नाडी दाराच्या मुठीत अडकवून, सगळा भार पुढे टाकून वाकलेली दिसली. मी पाय न वाजवता मागे फिरलो. तरुण मुलीचं काही असेल, असं वाटलं.

"किलियानकाका, तुमच्या मुलीला थंडी वाजत नाही का हो?" ब्लाझेनानं एकदा विचारलं. "शिवणाच्या बाकी मुली वर कुडकुडतात, आणि तुम्ही खाली वाफ सोडली की हिचे गाल टोमॅटो!"

"रक्त आहे अंगात," मी म्हणालो.

"बाकीच्यांत काय ताक आहे?"

मग संत बार्बराचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी मुली चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवतात. नाताळच्या आधी फुलली तर वर्षात लग्न. कारखान्यातल्या मुली लबाड; फांद्यांच्या बादल्या त्या वाफेच्या खोलीत, गरम बायांच्या पायाशी आणून ठेवत. वितकोवाबाई कुरकुरत, पण काढायला लावत नसत. त्या वर्षी हेदानं फांदी आणली नाही.

"तिची राहू दे. हिला तरी नवरा नको का?" म्हणून ब्लाझेनानं आपली जास्तीची फांदी तांब्याच्या हेदाच्या बादलीत खोचली.

इतरांच्या फांद्यांना कळ्याही फुटायच्या होत्या तेव्हा तिची फांदी फुलून गेली. सगळ्या मुली बघायला जमल्या, हसल्या, टाळ्या वाजवल्या. पण दोन-तीन दिवसांत पाकळ्या गळल्या आणि फुलांच्या जागी बारीक, हिरवी, टणक फळं दिसायला लागली. डिसेंबरात. बंद खोलीत, जिथे एक माशी नव्हती.

कुणी हसलं नाही. वितकोवाबाईंनी फांदी उचलली आणि माझ्या भट्टीत घालायला दिली. ओली होती, तरी लगेच पेटली.

३

त्या शनिवारी वितकोवाबाईंचा संयम संपला. दुपारी काम सुटायच्या आधी त्यांनी तांब्याच्या हेदावर एक ओलं कॉर्सेट चढवायला लावलं.

"आवळ," त्या ब्लाझेनाला म्हणाल्या.

"येत नाही, बाई."

"गुडघा लाव. मिटेपर्यंत आवळ. आणि सोमवारपर्यंत तसंच राहू दे. सुकताना कापड आखडतं, दाबेल तिला."

ब्लाझेनानं बाईच्या पाठीत गुडघा रोवला आणि दात खाऊन ओढलं. कडा मिटल्या. मी तोटी बंद केली. एरवी बाया निवताना टक् टक् करतात. ती एकटी गप्प राहिली.

रविवारी सकाळी हेदा उठली नाही. मी चर्चचे कपडे घालून तिच्या खोलीत डोकावलो. ती पलंगाच्या कडेवर बसून होती, तोंड उघडं, ओठ निळे. अंगात आईचा जुना, ढगळ रात्रीचा झगा.

"बाबा, सोडा ना."

"काय सोडू?"

"नाडी. पाठीमागे. कुणीतरी फार आवळलंय."

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. झग्याच्या आत काही नव्हतं. नुसतं अंग होतं, आणि ते माझ्या हाताखाली दोन्ही बाजूंनी आत ओढलं जात होतं.

मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर गेलोच नसतो. कारखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. मी घेतल्या आणि निघालो. सगळं गाव चर्चमध्ये होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

वाफेच्या खोलीत बादल्यांच्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. भट्टी कालपासून विझलेली. जुन्या बायांना हात लावला की कातडी चिकटेल इतकं तांबं गार होतं. मी खिशातला चाकू काढला, तांब्याच्या हेदाच्या मागे गेलो आणि नाडी कापली. तेवढ्यात चर्चमधली मधली घंटा वाजली, मिस्साच्या वेळी सगळे गुडघे टेकतात तेव्हाची. नाडीचे पीळ एकेक करून भोकांतून सटासट निघाले. खालच्या नळीतून एक लांब, मोकळा सुस्कारा बाहेर पडला.

नळीत राहिलेली वाफ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण वाफ कालच संपली होती, आणि ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कॉर्सेट खाली पडलं. मी तळहात तिच्या पोटावर ठेवला. तांबं कोमट होतं. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाची खुर्ची असते, तेवढं. मी हात काढणार होतो. मग आतून, अगदी हळू, कुणीतरी कोपर टेकवून कूस बदलावी तसं काहीतरी माझ्या तळहाताखालून सरकलं.

पत्रा वर आला, आणि परत खाली बसला.

मी घरी आलो तेव्हा हेदा चुलीपाशी उभी राहून जिऱ्याचं सूप ढवळत होती. गालांवर रंग आला होता.

"सुटलं बाबा," ती म्हणाली. "मधली घंटा झाली ना, त्याच वेळी एकदम सुटलं."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. "हेदा, कितवा महिना?"

पळी थांबली.

"सातवा असेल."

"कुणाचा?"

"रेल्वेच्या मोजणीवाल्यांबरोबर आला होता तो."

"यायचाय परत?"

"नाही."

"बरं," मी म्हणालो. "सूप घे आधी. आणि आजपासून ते कॉर्सेट अंगात घालायचं नाही."

"मग सोमवारीच कामावरून काढतील मला. नाताळपर्यंत तरी जाऊ दे ना, बाबा. मी सैल बांधीन."

मी तिला तांब्याच्या हेदाचं सांगणार होतो. पण ती सूप पीत होती, आणि किती दिवसांनी पोटभर खात होती. नाही सांगितलं.

४

"नाडी कुणी कापली?" सोमवारी वितकोवाबाईंनी विचारलं.

"मी. कापड उसवत होतं."

"रविवारी? चर्च सोडून?"

मालक स्वतः येऊन पाहून गेले. फार बोलणारा माणूस नव्हता तो. तांब्याच्या हेदाच्या पोटावर छडी टेकवून म्हणाला, "पत्रा सुटलाय. हावेलला बोलवा. ठोकून सपाट करू दे."

त्या दुपारी मी हावेलच्या दुकानात गेलो. तो कढईला कल्हई करत होता. लहानपणापासूनचा मित्र, मला किल्या म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता.

"ये किल्या, बस. तुझी वाफ माझ्या बाईला फुगवतेय म्हणे!"

"हावेल, तिच्यावर हातोडा मारू नकोस."

"का रे? प्रेमात पडलास? या वयात? डोकं नाही म्हणून बरी वाटली असेल, बोलत तरी नाही!"

मी हसलो नाही. तो हसायचा थांबला.

"झालंय काय?"

मला शब्द जुळवता येत नाहीत, तेव्हाही येत नव्हते. मी म्हणालो, "हेदाला दिवस गेलेत. तू साचा घेतलास तेव्हाच गेले होते. आणि आता तीसुद्धा..."

हावेलनं कढई खाली ठेवली. माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखा जवळ आला. "किल्या, पोरीच्या काळजीनं झोप उडाली असेल तुझी. तांबं आहे ते. मी ठोकलंय माझ्या हातानं. आत हवा आहे, हवा."

"मग आधी एकदा हळू वाजवून बघ. एवढं कर."

"वाजवीन की. तुझ्यासाठी वाजवीन."

५

हावेल लाकडी हातोडा घेऊन आला. मालक, वितकोवाबाई, ब्लाझेना, सगळी वाफेच्या खोलीत जमली. मला खाली बॉयलरपाशी थांबायला सांगितलं होतं. मी दारात उभा राहिलो.

बाईला नळीवरून उतरवून सतरंजीवर आडवी ठेवली होती. आडवी ठेवल्यावर तर कुणालाही दिसलं असतं. ब्लाझेनाला दिसलं. तिनं एकदा बाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला. तिला स्वतःची तीन मुलं होती.

हावेल गुडघ्यावर बसला. मला डोळा मारला. रिकामं तांबं कसं वाजतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, घंटेसारखं, खोलीभर घुमतं. त्यानं हातोडा जेमतेम उचलला आणि पोटाच्या उतारावर एक टिचकी मारावी तसा टेकवला.

घुमलं नाही. भरलेल्या मडक्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज आला.

आणि आमच्या डोक्यावर, शिवणकामाच्या दालनात, एक स्टूल पडलं आणि मुली किंचाळल्या.

"काय झालं वर?" मालक म्हणाले.

हावेल हललाच नाही. हातोडा टेकवला होता तिथे त्यानं तळहात ठेवला होता. मी त्याचा चेहरा बघत होतो. माझ्या तळहाताला जे कळलं होतं ते आता त्याच्या तळहाताला कळत होतं. तो हळूच उठला आणि हातोडा पिशवीत टाकला.

"मालक, हे तांबं थकलंय," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "ठोकलं तर फाटेल. मोडीत द्या मला. बदल्यात नवी करून देतो, फुकट."

मी वर धावलो. हेदा जमिनीवर कुशीवर पडली होती, दोन्ही हात पोटाभोवती. कुणीतरी तिची चोळी सैल केली होती, त्यामुळे आता लपवायला काही राहिलं नव्हतं. मुली भोवती उभ्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "कुणी मारलं मला?"

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. मीही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. संध्याकाळी हावेल हातगाडी घेऊन आमच्या दारी आला. घोंगडीत गुंडाळलेली तांब्याची हेदा आम्ही दोघांनी उचलून पडवीत ठेवली. बाळंतिणीला धरावं तशी धरली होती त्यानं.

६

फेब्रुवारीत हेदाची मुलगी बार्बरा जन्मली, आमची बारा. सुखरूप, आणि आवाजाची खणखणीत. फक्त पाठीवर, कमरेच्या वर, एक नाण्याएवढा गोल तांबूस डाग होता. त्याच सकाळी मी पडवीत जाऊन पाहिलं. तांब्याचं पोट उतरलं होतं, सुरकुतलं होतं. बोटानं वाजवलं तर घंटेसारखं घुमलं. मी टोपी काढली आणि तिथेच थोडा रडलो.

मला वाटलं, संपलं.

पण हेदाला सकाळी सुरू होणारा एक त्रास राहिला. कारखान्याचे भोंगे वाजतात त्या सुमारास ती हातातलं काम टाकून ताठ उभी राहायची. खांदे मागे, श्वास कोंडलेला, कंबर आत. मग थोड्या वेळानं गाल तापायचे. मग सुटायचं. दिवसातून असं बरेचदा. अंगात सैल सदऱ्याशिवाय काही नसायचं. मी पळत पडवीत जायचो. तांब्याची हेदा घोंगडीखाली गार, मोकळी उभी असायची. तिला कुणी हात लावलेला नसायचा.

आणि रविवारी हेदाला काहीच व्हायचं नाही. सणालाही नाही. या गोष्टीचा मी फार दिवस विचार करत होतो.

बाराचं नामकरण उशिराच झालं, कारण धर्मगुरू नाखूश होते. धर्मपिता म्हणून हावेल उभा राहिला. जेवायला बसलो तेव्हा बारा उघडी होती. त्यानं तिच्या पाठीवरचा डाग पाहिला, छातीवर क्रूस काढला आणि प्लमच्या दारूचा पेला एका घोटात संपवला. तेवढ्यात हेदा भांडी उचलताना थांबली. ताठ झाली. डोळे मिटले.

"हे काय?" हावेलनं विचारलं.

"रोजचं आहे. रविवार सोडून," मी म्हणालो.

तो दिवस मंगळवार होता. हावेल तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पेला उपडा ठेवला.

"किल्या, मी तुला सांगितलं नव्हतं. कशाला सांगणार? आमच्यात सगळेच करतात. चांगला साचा मिळाला की वाया घालवत नाहीत."

"काय केलंस?"

"त्या साच्यावरून मी दोन ठोकल्या. दुसरी हंगेरीतल्या पेश्टकडच्या एका फिरत्या व्यापाऱ्याला विकली. तो कारखान्यांना विकतो."

"कुठल्या कारखान्याला?"

"त्यालाच विचारायला हवं."

आम्ही विचारायला गेलो. व्यापारी मागच्याच वर्षी वारला होता. त्याच्या बायकोला एवढंच ठाऊक होतं की माल डोंगरापलीकडे जातो. डोंगरापलीकडे अर्धं साम्राज्य होतं.

मग आम्ही त्या दुसरीबरोबर राहायला शिकलो. दुसरं काय करणार? तिकडे कुणीतरी ब्लाझेनासारखी बाई सकाळी येऊन गुडघा लावायची, कुणीतरी माझ्यासारखा म्हातारा तोटी उघडायचा. त्यांना काय माहीत! एका वसंतात आठवडाभर हेदाला काही झालं नाही. "संप असेल तिकडे," हावेल म्हणाला, आणि आम्ही तिघंही कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसलो. मला कधीकधी त्या वाफवाल्याबद्दल कुतूहल वाटायचं. तो तोटी हळू उघडत असावा. हेदाला चटका कधी बसला नाही.

७

युद्ध सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी हेदाचा तो त्रास थांबला. कॉर्सेटात घालायच्या पोलादाच्या पट्ट्या मिळेनात, कापड मिळेना, आमच्या कारखान्यातही आता जखमांवर बांधायचे पट्टे शिवत होते. बायकाच कॉर्सेटं टाकून शेतावर आणि यंत्रांवर जायला लागल्या होत्या. हेदा भोंग्याच्या वेळी उठून खिडकी उघडायची आणि मुद्दाम लांब श्वास घ्यायची. बाराच्या जन्मापासून मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. आता ती बटाटे सोलतानाही गायची. लोक उपाशी होते आणि आमच्या घरात गाणं होतं, मला त्याची लाज वाटायची.

मग तांबं गोळा करणारे आले. तोफगोळ्यांसाठी लागतं, असा हुकूमच होता. कढया, पातेली, दाराच्या मुठी, सगळं गाडीत गेलं. चर्चची मधली घंटासुद्धा काढली. उतरवताना ती एकदा वाजली आणि हेदा अंगणात थबकली. आमची तांब्याची हेदा मी आदल्या शरदातच प्लमच्या झाडाखाली पुरली होती. शिपायांनी पडवी पाहिली, पातेली घेतली आणि गेले.

त्या दिवशी प्रथम माझ्या मनात आलं की कॉर्सेटं शिवत नाहीत म्हणजे ती दुसरी तिकडे नुसतीच उभी असेल. आणि डोंगरापलीकडेही हुकूम तोच असेल.

मी हेदाला बोललो नाही. हावेलला बोललो. तो तेव्हा अंथरुणाला खिळला होता. "तांबं वितळलं म्हणून नाहीसं होत नाही, किल्या," तो म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला असेल. "ओततात दुसऱ्या कशात तरी."

जानेवारीत एका दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. बाहेर बर्फ पडत होता. सरपण संपत आलं होतं म्हणून चूल सकाळीच विझवली होती. बारा कोट घालून धडा वाचत होती. हेदानं शाल काढून ठेवली.

"बाबा, चुलीत काय घातलंत एवढं?"

"काही नाही."

"मग इतकं उकडतंय का?"

बारानं पुस्तकातून वर पाहिलं. "आई, तुझे हात बघ."

हेदाचे हात मनगटापासून तांबूस झाले होते. मी खिडकी ढकलून उघडली. बर्फाचे कण आत उडाले, टेबलावर बसले, बाराच्या केसांवर बसले. हेदाच्या हातापर्यंत एकही पोचत नव्हता.

"दुखत नाहीये," ती नवलानं म्हणाली. "नुसती सगळीकडून सैल होतेय."

मी कुदळ घेऊन प्लमच्या झाडाकडे धावलो. जमीन दगडासारखी झाली होती. किती वेळ खणत होतो ठाऊक नाही. तांब्याची हेदा लागली तेव्हा ती गार होती, अगदी गार, आणि मला त्या गारठ्याचा केवढा आधार वाटला! मी तिला उपडी केली आणि ओंजळी भरभरून तिच्या पोकळ अंगात बर्फ घालायला लागलो. असं काही चालतं की नाही, हे विचारायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. मी घालत राहिलो. कडेपर्यंत भरलं की तो खाली बसायचा, आतून पाण्याचा आवाज यायचा, आणि मी पुन्हा भरायचो.

खिडकीतून बारा ओरडली, "आजोबा! आई म्हणते, आणखी घाला!"

मी आणखी घातला. बोटांतलं भान गेलं तरी घालत होतो. अंधारायला लागलं तेव्हा घातलेला बर्फ तसाच राहू लागला.

घरात आलो तर हेदा पलंगावर झोपली होती. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, श्वास संथ होता. बारा तिच्या पायाशी बसून राहिली, मी खुर्चीवर. कधी डोळा लागला कळलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा हेदा उठलेली होती. केस मोकळे सोडून भिंतीवरच्या लहान आरशापुढे उभी होती, दोन्ही हात स्वतःच्या कमरेवरून, खांद्यांवरून, गळ्यावरून सावकाश फिरवत. अंधारात अनोळखी खोली चाचपावी तशी. मग ती माझ्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "नीट बघा बरं. मी कालच्यासारखीच आहे ना?"

मी उठलो, खिडकीचा पडदा सारला आणि तिला उजेडात घेतलं. हावेलचं 'ओततात दुसऱ्या कशात तरी' आठवत मी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"हो बाळ," मी म्हणालो. "तशीच आहेस."